चर्चमधला हिरवा रविवार

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता. विषय 'आपले सण'. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. मुलांना नाताळाबद्दल पाच वाक्ये लिहायला सांगितली, तर सगळ्यांच्या वहीत जवळजवळ तीच वाक्ये. नाताळ 25 डिसेंबरला असतो. सांताक्लॉज येतो. झाड सजवतात. केक खातात. पाचवे वाक्य कोणालाच सुचले नाही.

म्हणून माझ्या वसईच्या मैत्रिणीने पाठवलेला एक फोटो मी मोबाइलवर दाखवला. तिच्या चर्चमधली रविवारची मिस्सा होती. फादर वेदीपाशी उभे, अंगावर गडद हिरवा झगा, खाली वेदीवरही हिरवे कापड. मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ये तो अपना कलर है! इन लोगों ने क्यों पहना?" वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना रिक्षात बसल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण तेच वाक्य उलट्या बाजूने मी वीसेक वर्षांपूर्वी ऐकले होते.

तेव्हा मी बी.एड. करत होते. सराव पाठासाठी एका शाळेत जात असे. तिथे एका पाठाला मी तक्ता केला आणि त्याला हिरव्या कागदाची किनार लावली. दुसरा कोणताही कागद घरात नव्हता, एवढेच कारण. तिथल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितले आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिरवा नको गं. उगाच वेगळा अर्थ निघतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, माझी काळजीच होती. त्यामुळे ते जास्त लागले. मी किनार उपटली आणि पिवळी लावली.

हॉस्टेलवर आल्यावर मी ही गोष्ट माझ्या याच मैत्रिणीला सांगितली. ती वसईची कॅथलिक. ती म्हणाली, "अगं, आमच्या चर्चमध्ये वर्षातले अर्ध्याहून जास्त रविवार हिरवेच असतात. मग आम्ही काय झालो?" त्या रात्री तिने वहीच्या मागच्या पानावर एक गोल काढला आणि मला चर्चचे वर्ष समजावून दिले. आज ते वाचकांना सांगावेसे वाटते, कारण शेजाऱ्याचा एक सण आपल्याला माहीत असतो, पण त्याचे वर्ष माहीत नसते.

चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते. 2025 मध्ये तो रविवार 30 नोव्हेंबरला आला होता. मी इथे कॅथलिक चर्चचा हिशेब सांगते आहे. अनेक प्रोटेस्टंट चर्चही थोड्याफार फरकाने हेच वर्ष पाळतात, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते, आणि काही ख्रिस्ती पंथ असे ऋतू मानतच नाहीत. 'ख्रिस्ती' म्हणजे एकच साचा नव्हे, जसे 'मुस्लिम' म्हणजे एकच साचा नव्हे.

पहिला ऋतू आगमनकाळ. त्याचा रंग जांभळा. हा वाट पाहण्याचा आणि मन आवरण्याचा काळ आहे. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या ठेवतात आणि दर रविवारी एक जास्त पेटवतात. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा चालतो. अर्थ असा की निम्मी वाट संपली, आता थोडे हसायला हरकत नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दुकानांत जी गाणी आणि रोषणाई सुरू होते, तिचा या जांभळ्या रंगाशी काही संबंध नाही. मैत्रीण दरवर्षी कुरकुरते, "आमचा नाताळ बाजाराने चार आठवडे आधी पळवला." मला हे चांगले कळते. आमचा रमजानही हल्ली खाऊगल्लीच्या व्हिडिओंमध्ये पळवला जातो.

25 डिसेंबरला रंग पांढरा होतो. आपण समजतो त्या दिवशी नाताळ संपला. चर्चच्या हिशेबाने तो त्या दिवशी सुरू होतो आणि जानेवारीत, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. मग काही आठवडे हिरवे. त्यानंतर येतो राखेचा बुधवार आणि रंग पुन्हा जांभळा होतो. मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात, माणूस मातीचा आहे याची आठवण म्हणून. तिथून उपवासकाळ. वेदीवरची फुले जातात, आनंदाची ठरावीक गाणी बंद होतात. याही काळात चौथा रविवार गुलाबी असतो. 40 दिवस म्हणतात, पण कॅलेंडरवर मोजले तर बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरतात. रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार त्यांच्यासाठी पुनरुत्थानाचा दिवस आहे.

शेवटचा आठवडा रंग भराभर बदलतो. झावळ्यांच्या रविवारी लाल. गुरुवारी संध्याकाळी पांढरा, त्या दिवशी फादर माणसांचे पाय धुतात. गुड फ्रायडेला पुन्हा लाल. शनिवारी दिवसभर वेदी उघडी, कापड नाही, मिस्सा नाही. त्या रात्री अंधारात नवी आग पेटवून मोठी मेणबत्ती लावतात आणि रंग पांढरा होतो. तो 50 दिवस टिकतो. पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या अग्नीचा लाल. लाल रंग हुतात्म्यांचाही आहे. 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले वसईचे गोन्सालो गार्सिया यांना 1862 मध्ये संतपद मिळाले. त्यांच्या सणाला झगा लाल असतो.

आणि पेंटेकॉस्टनंतर हिरवा. सरळ नोव्हेंबरपर्यंत. या काळाला नाव आहे सामान्यकाळ. जानेवारीतले आठवडे धरून तो 33 किंवा 34 आठवड्यांचा होतो. यात येशूचा जन्म नाही, मरण नाही, पुनरुत्थान नाही. त्याने माणसांमध्ये फिरताना सांगितलेल्या गोष्टी रविवारी क्रमाने वाचल्या जातात: पेरणारा शेतकरी, हरवलेले मेंढरू, जखमी वाटसरूला उचलून नेणारा परका माणूस. आमच्याकडे हे महिने पावसाचे असतात. वसईच्या वाडीत चोहोकडे हिरवे आणि आत वेदीवरही हिरवे. मैत्रीण म्हणते, "सणाला सगळेच चर्चमध्ये येतात. हिरव्या रविवारी जो येतो तो खरा."

हे वाक्य मी विसरले नाही. आमच्याकडेही ईदच्या नमाजला रस्ता पुरत नाही आणि शव्वालच्या पुढच्या आठवड्यात फजरला मशिदीत एक सफही भरत नाही. धर्माची परीक्षा सणाच्या दिवशी होत नसते. साधा मंगळवार असतो, दुकानात गिऱ्हाईक असते, वजन करताना काटा आपल्या हातात असतो, तेव्हा ती होते. चर्चने या साध्या दिवसांना एक नाव दिले आणि एक रंग दिला, ही मला त्यांच्या वर्षातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येते. हिरवा कोणाचा?

ख्रिस्ती लोकांकडे हे रंग पहिल्यापासून ठरलेले नव्हते. सन 1200 च्या आसपास पोप तिसरे इनोसंट यांनी रोमच्या चर्चमध्ये कोणत्या दिवशी कोणता रंग वापरतात हे लिहून ठेवले. पांढरा, लाल, काळा आणि हिरवा. हिरवा का, तर तो बाकीच्यांच्या मधला रंग आहे, कोणत्याच टोकाचा नाही, असे त्यांचे कारण. 1570 च्या रोमन मिस्सा ग्रंथाने नियम पक्के केले. तरीही ते बदलत राहिले. गुड फ्रायडेचा रंग पूर्वी काळा होता, तो विसाव्या शतकातल्या सुधारणांनंतर लाल झाला. म्हणजे रंगाला अर्थ माणसे देतात आणि माणसेच तो बदलतात.

आमच्याकडचा इतिहास काही वेगळा नाही. कुरआनमध्ये जन्नतच्या लोकांच्या हिरव्या रेशमी वस्त्रांचा उल्लेख आहे, तिथून हिरव्याला मान मिळाला हे खरे. पण हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) कपड्यांसाठी पांढऱ्या रंगाची शिफारस केली आहे. एहराम पांढरा, कफन पांढरे. मक्का विजयाच्या दिवशी प्रेषितांच्या डोक्यावर काळा अमामा होता. उमय्यांचा रंग पांढरा मानला जातो, अब्बासींचा काळा. अब्बासी खलिफा मामून याने 817 साली इमाम अली रझा यांना वारस नेमले, तेव्हा दरबाराचा काळा रंग काढून हिरवा आणला. इमाम वारले, मामून बगदादला परतला आणि 819 मध्ये पुन्हा काळा आला. दोन वर्षांत रंग गेला आणि आला, कारण राजकारण बदलले होते. काबागृहावरचा गिलाफ आज काळा आहे, पण इतिहासात तो पांढरा, हिरवा, लालही होऊन गेला. देवा शरीफच्या वारसी फकिरांचा एहराम तर पिवळा असतो. मग 'अपना कलर' नेमका कोणता?

आणि महाराष्ट्रात हिरवा एकट्या मुसलमानांचा कधी होता? नवरीच्या हातात हिरवा चुडा असतो. देवीच्या ओटीत हिरवा खण असतो. माझ्या सराव पाठाच्या शाळेतल्या त्या बाईंच्या हातातही हिरव्या बांगड्या होत्या. त्या बांगड्यांतून वेगळा अर्थ निघत नव्हता. माझ्या तक्त्यातून निघत होता, कारण तक्ता करणारीचे नाव वेगळे होते.

चर्चमध्ये रंग आत बसलेल्या माणसाला काही सांगतो. जांभळा दिसला की समजायचे, या आठवड्यांत मन तपासायचे आहे. पांढरा दिसला की आनंद करायचा. रंग तिथे स्वतःकडे बघायला लावतो. आपल्या रस्त्यांवर मात्र रंग दुसऱ्याकडे बघण्यासाठी वापरला जातो. झेंडा कोणता, वस्ती कोणाची, रिक्षाच्या आरशाला काय बांधले आहे, यावरून आपण माणूस ओळखतो. या खेळात आपण मुसलमान फक्त बळी आहोत असे मी म्हणणार नाही. चौकात हिरवा झेंडा इतरांपेक्षा उंच लावायची स्पर्धा आपलीही पोरे करतात. मागच्या बाकावरचा तो मुलगा हे घरातून किंवा गल्लीतूनच शिकून आला होता.

2025 मध्ये 14 मार्चला होळीचा रंग आणि रमजानचा जुमा एकाच दिवशी आला, तेव्हा उत्तर प्रदेशात काही मशिदी ताडपत्रीने झाकाव्या लागल्या. फोटो सगळ्यांनी पाहिले. रंग उडू नये म्हणून एक समाज दुसऱ्याचे प्रार्थनास्थळ झाकतो आणि प्रशासनाला हाच तोडगा वाटतो, ही हार दोघांचीही आहे. पण त्याच रमजानमधली दुसरी एक गोष्ट कोणत्याही बातमीत आली नाही. 5 मार्चला आमचा चौथा रोजा होता आणि तोच राखेचा बुधवार होता. दुपारी मैत्रिणीचा फोन आला. "तुझा रोजा, माझा उपवास. दोघी उपाशी आहोत, कमी बोलू या," असे म्हणून ती अर्धा तास बोलली. त्यांच्याकडे त्या दिवशी एकच पूर्ण जेवण आणि मांस वर्ज्य. आमच्याकडे सेहरीपासून मगरिबपर्यंत पाणीही नाही. पद्धत वेगळी, पण भुकेने आपला अहंकार थोडा उतरावा ही इच्छा एकच.

हे दोन्ही काळ चंद्रावरच चालतात. ईस्टर म्हणजे 21 मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या दरम्यान सरकत राहतो आणि त्याच्यामागे राखेचा बुधवारही. आमचे हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, म्हणून रमजान 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या तो फिरत फिरत त्यांच्या उपवासकाळाला येऊन मिळाला आहे. थोड्याच वर्षांत पुढे निघून जाईल.

मला ठाऊक आहे, हे वाचून काही वाचक अस्वस्थ होतील. दर डिसेंबरला आपल्या व्हॉट्सअॅप गटांत नाताळाच्या शुभेच्छा द्याव्यात की नाही यावर वाद होतो. 'तशब्बुह', म्हणजे इतरांची नक्कल, ही भीती त्यामागे असते. मी फतवा देणारी नाही, शिक्षिका आहे. हजरत ईसा (अ.) यांना आपण पैगंबर मानतो, ते त्यांना देवाचा पुत्र मानतात. ज्या क्रुसासाठी त्यांचा गुड फ्रायडे आहे, त्याबद्दल आपली श्रद्धा वेगळी आहे. हा फरक झाकायची मला गरज वाटत नाही, माझ्या मैत्रिणीलाही वाटत नाही. फरक माहीत असलेल्या दोन माणसांची मैत्री जास्त टिकते, हा माझा अनुभव आहे. माहिती घेणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची हकिकत आहे. ते लोक उंची येमेनी वस्त्रे घालून अस्रच्या वेळी मदिन्याच्या मशिदीत आले. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना तिथेच, पूर्वेकडे तोंड करून, प्रार्थना करू दिली. त्यांच्याशी श्रद्धेवर वादही झाला, पण त्यांच्या झग्यांना कोणी घाबरले नाही.

सूरह बकरामध्ये 'सिब्गतुल्लाह' हा शब्द येतो. अर्थ, अल्लाहचा रंग. सिब्ग म्हणजे कापड रंगात बुडवणे. जुन्या भाष्यकारांनी ही आयत समजावताना ख्रिस्ती लोकांच्या बाप्तिस्म्याचा संदर्भ दिला आहे. माणसाला खरा रंग पाण्याने किंवा कापडाने चढत नाही, तो ईमान आणि वागणुकीने चढतो, असा अर्थ मी त्यातून घेते. मग हा रंग झेंड्याला कसा लावता येईल?

आता शाळेचे. आपल्याकडे 'सर्वधर्मसमभाव' म्हणजे एका तक्त्यावर चार चिन्हे आणि चार सण. मुलांना नाताळ म्हणजे केक कळतो, ईद म्हणजे शिरखुर्मा, दिवाळी म्हणजे फराळ. खाण्यापलीकडे काही कळत नाही. मला वाटते, सण शिकवण्याऐवजी वर्ष शिकवावे. शेजारचा माणूस कधी उपाशी असतो, कधी दुःखात असतो, कधी वाट पाहत असतो आणि कधी साधे दिवस जगतो, हे मुलांना कळले पाहिजे. त्याला वेगळा विषय लागत नाही. एक गोल, बारा महिने आणि रंगीत खडू पुरतात.

मी दुसऱ्या दिवशी तेच केले. मैत्रिणीने वीस वर्षांपूर्वी काढलेला गोल फळ्यावर काढला आणि मुलांनी वहीत रंग भरले. जांभळ्याचे दोन तुकडे, पांढऱ्याचे दोन, लालच्या बारीक रेघा. सगळ्यांचा हिरवा खडू सर्वांत जास्त झिजला. कालचा तो मुलगा म्हणाला, "टीचर, इनका तो हमसे ज्यादा हरा है." मग त्यानेच विचारले, आपले वर्ष असे रंगवायचे का?

आम्ही प्रयत्न केला. मोहरमला एकाने काळा म्हटले, दुसरीने हिरवा, कारण तिच्या दादीने तिच्या अब्बांना लहानपणी मोहरमचा फकीर करून हिरवा कुर्ता घातला होता. हजच्या महिन्याला सगळ्यांनी पांढरा दिला. रमजानवर मात्र एकमत होईना. कोणी पांढरा म्हणे, कोणी खजुराचा तपकिरी, एक मुलगी म्हणाली सेहरीच्या वेळी आभाळ असते तसा निळा. हिरवा कोणीच म्हटले नाही. घंटा झाली तरी भांडण चालू होते. असे भांडण माझ्या वर्गात रोज व्हावे.

2026 मध्ये राखेचा बुधवार 18 फेब्रुवारीला होता. रमजानचा चाँदही त्याच सुमाराला दिसणार होता. मैत्रीण म्हणाली होती, त्या संध्याकाळी कपाळावरची राख न पुसता ती माझ्या घरी येणार, आणि आम्ही दोघी गच्चीवर चाँद बघायला जाणार. दिसला तर तिचा उपवास आणि माझा महिना एकत्र सुरू होणार होता. नाही दिसला तर एक दिवसाचा फरक पडणार होता. तेवढा आम्हाला चालतो.